लागते तेवढीच रिंग

आमच्या हिच्या मामांना आजवर कुणीही, काहीही, लागतं त्याहून जास्त विकू शकलेलं नाही. पुण्यातला दुकानदार मुळात विकण्याच्या फंदात फारसा पडत नाही हे मान्य, पण ज्यांनी हौसेने प्रयत्न केले त्यांचेही मामांनी हात टेकवले. एकदा लक्ष्मी रोडवर मी त्यांच्याबरोबर बनियन घ्यायला गेलो होतो. दुकानात एकावर एक फुकट अशी पाटी लावली होती. मामांनी एकच मागितलं. पोऱ्याने दोन काढून ठेवली आणि समजावून सांगितलं, काका, दुसरं फुकट आहे. मामा म्हणाले, "असेल. पण अंग एकच आहे." शेवटी मालक गल्ल्यावरून उठून आला, तरी मामा एकच बनियन घेऊन पायऱ्या उतरले. मंडईत कढीपत्त्याची एक काडी कुणी प्रेमाने जास्त टाकली तर ते पिशवीतून काढून परत ठेवतात. तिथली एक भाजीवाली आता त्यांना लांबून येताना पाहिलं की पदर सावरून बसते आणि शेजारणीला सांगते, आले बाई, आता मिरच्या मोजा.

हे सगळं त्यांच्या नोकरीतून आलं असावं असा माझा कयास आहे. जन्मभर ते एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. पोरांना आम्ल आणि क्षार मापून देणं हे काम, आणि प्रयोगाला लागतं त्याहून एक थेंब जास्त त्यांनी कुणाच्या परीक्षानळीत पडू दिला नाही. निवृत्त झाले तरी हात तसाच राहिला. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर त्यांची दोन खोल्यांची जागा आहे. तिथे पाहुण्याला पाणी मिळतं ते अर्धा पेला. वर, "लागलं तर मागा." आता, दुसऱ्याच्या घरी पाणी परत मागायला माणूस जरा संकोचतो, त्यामुळे आम्ही सगळे त्यांच्याकडून तहानलेलेच घरी येतो. मी जावई. जावयाचा मान म्हणून मला पेला जरा मोठा मिळतो, पण पाणी अर्धंच.

अशा माणसाकडे फोन कसला असणार? बटणांचा. हॉटेलात अंघोळीला साबणाची वडी देतात ना, जेमतेम तेवढा. शर्टाच्या आतल्या खिशात जातो, आणि खिशालाही कळत नाही. बटणांवरचे आकडे केव्हाच पुसले गेलेत, पण बोटांना पाठ आहेत. मामी होत्या तेव्हा त्यांनी ब्लाउजच्या उरलेल्या खणाची एक थैली शिवून दिली होती, तिच्यात तो निजतो. दर शनिवारी मामा मारुतीला तेल आणि फोनला वीज घालतात, की मग पुढच्या शनिवारपर्यंत दोघांकडे बघायला नको. एकदा तो गॅलरीतून निसटला आणि खालच्या मजल्यावरच्या तुळशीच्या कुंडीत जाऊन पडला. मामा सावकाश जिना उतरून गेले, माती झटकली आणि मला फोन करून सांगितलं की फोन पडला होता, आता चालू आहे, काळजी नसावी. मला काळजी वाटायला तो पडल्याचं आधी कळायला हवं होतं, पण ते असो.

फोनवर मामा बोलत नाहीत, कळवतात. "मी बोलतोय. मंडईत आहे. मेथी बरी आहे. हवी का?" एवढं झालं की आपण हो किंवा नाही म्हणायचं. आपण "हो मामा, आणि..." असं म्हणालो तर त्यातलं "आणि" आपलं आपल्याजवळच राहतं, कारण पलीकडे लाल बटण दाबलेलं असतं. बँकेतून कर्ज विकणाऱ्या मुली त्यांनाही फोन करतात. एकीने अगदी गोड आवाजात विचारलं की सर, आपल्याला कर्ज हवं आहे का. मामा म्हणाले, "मला नको. तुम्हाला हवंय का?" ती बिचारी एवढी गोंधळली की तिनेच फोन ठेवला. सकाळी सारसबागेत त्यांच्याबरोबर फिरणारे म्हातारे बाकावर बसून आपापल्या मोठ्या फोनमध्ये आलेली सुप्रभाताची फुलं एकमेकांना दाखवत बसतात. मामाही मान वाकवून सगळ्यांची फुलं बघतात आणि एकालाही वास नाही असं सांगून पुढे चालू लागतात. एका नव्या उपाहारगृहात आम्ही त्यांना नेलं, तर तिथे पदार्थांची यादीच नाही, टेबलावर नुसता काळ्या ठिपक्यांचा चौकोन. वेटर म्हणाला, काका, स्कॅन करा. मामांनी खणाच्या थैलीतून फोन काढून त्याच्यापुढे धरला. "ह्याला डोळा नाही. तुम्हाला तोंड आहे ना? सांगा काय काय आहे." त्याने सांगितलं. अख्खं सांगितलं, उडदाच्या वड्यापासून मस्तानीपर्यंत, आणि शेजारच्या दोन टेबलांनीही त्या पाठांतराचा लाभ घेतला.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं तुम्हाला नीट कळायचं नाही. मामांचा आणि माझ्या सासूबाईंचा, म्हणजे सख्ख्या धाकट्या भावाचा आणि बहिणीचा, अबोला होता. आमच्या लग्नाला जितकी वर्षं झाली तितकाच तो जुना, कारण तो आमच्या लग्नातच धरला गेला. नवरीला मामाने हाताला धरून बोहल्यावर आणायचं असतं. मी अंतरपाटापलीकडे हार घेऊन उभा. मंगलाष्टकं सुरू झाली, संपली, पुन्हा सुरू झाली. कुणा एका आत्याबाईंनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक दोनदा म्हणून घेतलं, आणि नवरीचा पत्ता नाही. मामा तिला घेऊन आतल्या खोलीत मनगटाकडे बघत उभे होते. त्यांच्या घड्याळात मुहूर्त अजून आला नव्हता. सासूबाई धावत गेल्या, गुरुजी खोळंबलेत म्हणाल्या. मामांनी सांगितलं की गुरुजींचं घड्याळ पुढे आहे. हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की गुरुजींनीही ऐकलं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माझ्या वडिलांनीही. मग मामांच्या घड्याळाप्रमाणे आमचं लग्न लागलं. ते आजवर टिकलं आहे, तेव्हा घड्याळाबद्दल माझी वैयक्तिक तक्रार नाही. पण त्या दिवशी सासूबाईंनी जेवणाच्या पंगतीत भावाला सांगितलं, "ह्यापुढे माझ्याशी बोलू नकोस." मामा सांगितलं तेवढंच करणारे. नाही बोलले.

आमच्याकडचा अबोला म्हणजे भांडण नव्हे, बरं का. त्यात सगळं व्यवस्थित चालतं. सासूबाई आमच्याजवळच राहतात, त्यामुळे भाऊबीजेला मामा आमच्याकडे शनिवार पेठेत यायचे, पाटावर बसायचे, सासूबाई ओवाळायच्या, मामा तबकात ओवाळणी घालायचे, दोघांपैकी कुणी अवाक्षर काढायचं नाही. त्यांच्या आवडीच्या ओल्या नारळाच्या करंज्या पानात आपोआप पडायच्या. मामी गेल्या तेव्हा सासूबाई त्यांच्या घरी जाऊन राहिल्या, सगळं निगुतीने केलं, पण बोलल्या त्या आमच्या हिच्यामार्फत. निघताना हिला म्हणाल्या, मामांना ऐकू जाईल अशा बेताने, की एकटा माणूस आहे, सकाळी काही झालं तर कुणाला कळणार.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरच्या फोनला एक विकार जडला. रोज सकाळी, दूधवाला येऊन गेला की, तो एकदाच वाजायचा आणि गप्प व्हायचा. मी टेलिफोनच्या ऑफिसात तक्रार केली. लाइनमन दोन वेळा येऊन गेला, त्याने वायरी बदलल्या, चहा घेतला, आणि लाइनमध्ये दमट हवा शिरते असं निदान केलं. पुढे सासूबाईंनी हट्टाने बटणांचा एक छोटा मोबाइल मागून घेतला आणि घरचा फोन एकदम खडखडीत बरा झाला. सासूबाई रोज सकाळी तो मोबाइल ओट्यावर चहाच्या भांड्याशेजारी ठेवून बसायच्या. तो एकदा वाजायचा. त्या एक बटण दाबायच्या, "हं" म्हणायच्या आणि हिला सांगायच्या, "वाजला. गाळ चहा." चहाच्या वेळेचा गजर लावलाय, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो. भाऊ एक रिंग देऊन जिवंत असल्याचं कळवतो, बहीण एक रिंग देऊन ते पोचल्याचं कळवते, फोन कुणीच उचलत नाही आणि अबोल्याला धक्का लागत नाही, ही सगळी व्यवस्था आमच्या नाकासमोर चालू होती.

आम्हाला ती ठाऊक नव्हती, म्हणून तर आम्ही मामांना पंचाहत्तरीला मोठा फोन घेऊन दिला.

कल्पना हिची. मामा एकटे असतात, निदान त्यांचा चेहरा तरी दिसेल रोज, असं हिला मनापासून वाटायचं. मामांनी खोकं उघडलं, त्या चकचकीत पाटीकडे बघितलं आणि ह्यात काय काय आहे असं विचारलं. हिने कॅमेऱ्यापासून नकाशापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी दोन खोल्यांत राहणारा माणूस. एवढा वाडा झाडणार कोण?" असं म्हणून खोकं बंदही केलं होतं, पण हिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मग म्हणाले, "बरं. तुझ्यासाठी घेतो, माझ्यासाठी नको." आयुष्यात पहिल्यांदा मामांनी लागतं त्याहून जास्त काही घरात घेतलं ते भाचीच्या डोळ्यांतलं पाणी बघून. दुकानदाराने जुन्या फोनमधलं सिम नव्यात घातलं, जुना खणाच्या थैलीत निजला, थैली कपाटात गेली. संध्याकाळभर मी त्यांना शिकवत होतो. फोन उघडायला आधी त्याला तोंड दाखवायचं, हे त्यांना फार लागलं. "फोन माझा, आणि मलाच विचारतो तू कोण?" मी म्हटलं, मामा, होईल सवय. मी निघताना त्यांनी, कापायचं कसं, हे दोनदा विचारलं. मी लाल गोल दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा फोन वाजला आणि थांबेना.

मी पेपर वाचत होतो. एक रिंग झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. वर पाहिलं तर सासूबाईंचा कपाकडे गेलेला हात तिथेच थांबलेला, आणि चेहऱ्यावरचा रंग उडालेला. मला वाटलं, आज हा गजर नाही, कुणाचा तरी फोन दिसतोय. मी म्हटलं, उचला की. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना एकादशीला कांदाभजी खायला सांगत होतो. फोन वाजतच होता. मग त्यांनी डोळे मिटले आणि हिरवं बटण दाबून फोन कानाला लावला. हॅलो म्हणाल्या नाहीत. पलीकडून मामांचा आवाज मलाही ऐकू आला, इतका तो मोठा होता: "मेलो! आता संपलं सगळं!"

"चला," सासूबाई मला म्हणाल्या. पायात चपला सरकवल्या आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्या आधी जिना उतरल्या. स्कूटरवर मागे आडव्या बसून त्यांनी माझा खांदा घट्ट धरला आणि सगळं सांगून टाकलं. एक रिंग म्हणजे बरा आहे. एवढी लांब त्याने कधी दिली नव्हती. मला रिंगांचं हे शास्त्र पहिल्यांदा कळलं ते असं, अप्पा बळवंत चौकाच्या गर्दीत, हॉर्न वाजवताना. नो एंट्रीतून जाणाऱ्या माणसाला थांबवून, तुम्हाला वाचता येतं का, असं विचारणाऱ्या ह्या बाई. एका बोळाच्या तोंडाशी मी कचरलो तर मागून हुकूम आला, "घाला." मी घातली. दोन जिने चढताना त्या एकदाही थांबल्या नाहीत, मीच थांबलो.

दार मामांनीच उघडलं. धडधाकट. अंगात तेच एक बनियन, अर्ध्या गालावर साबण, आणि हातात तो नवा फोन पंचात धरलेला, तापलेलं भांडं धरावं तसा. झालं होतं ते असं. एक रिंग ऐकू आली की कापायचं, म्हणून मामा सवयीने फोन कानाला लावून उभे राहिले. कानाशी नेल्याबरोबर ती पाटी काळी झाली. लाल गोल गेला तो गेलाच. ते दाबत राहिले आणि पलीकडे वाजत राहिलं. बहिणीने उचलला तर अबोला आपल्याकडून मोडला, इतक्या वर्षांची बाजी आपण हरलो, म्हणून ते मेलो मेलो करत होते.

बहीण-भाऊ समोरासमोर उभे. सासूबाईंना धाप लागली होती. त्या खुर्चीत बसल्या, भिंतीकडे तोंड केलं आणि मला म्हणाल्या, "विचारा त्यांना, कुठे दुखतंय का."

मामांनीही मलाच उत्तर दिलं. "सांगा त्यांना, मला काही झालेलं नाही. ह्या वस्तूला बटण नाही."

मी आपला मध्ये उभा, एकदा इकडे आणि एकदा तिकडे मान हलवत. मग मामा आत गेले आणि पाणी घेऊन आले. पेला काठोकाठ भरलेला होता. चालताना पाणी हिंदकळून फरशीवर सांडत होतं आणि मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. ज्या घरात मी इतकी वर्षं अर्धा पेला प्यालो, त्या घरात मी पहिल्यांदा भरलेला पेला बघितला. सासूबाईंनी तो एका दमात संपवला. पेला परत घ्यायला मामा वाकले आणि त्यांची नजर बहिणीच्या पायांकडे गेली. एका पायात त्यांची स्वतःची चप्पल होती, दुसऱ्यात माझी.

"अगं ताई," मामा म्हणाले, "पायात काय घातलंयस हे?"

सासूबाईंनी खाली बघितलं, पाय लुगड्याखाली ओढून घेतले. मग त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "ते मागे आहे तुझं."

मामांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गालावरचा सुकत चाललेला साबण पंचाने पुसला. "असेल," म्हणाले. "थोडंसं मागे असेल."

ज्या मांडवात मी हार घेऊन ताटकळलो होतो, तिथून निघालेली ती माफी अखेर माझ्या देखत पोचली. सासूबाई उठल्या, चहा कुठे ठेवतोस विचारून ओट्याशी गेल्या, आणि साखर एवढीशीच का म्हणून भावाला रागावू लागल्या. मी हिला फोन केला तर ही आधी रडली आणि मग हसू आवरेना म्हणून तिने फोन ठेवला. दुपारपर्यंत कपाटातली खणाची थैली बाहेर आली, सिम जुन्या घरी गेलं. मोठा फोन आता आमच्याकडे आहे, ही त्यात नातेवाइकांची लग्नं बघते.

ह्यानंतर दोघं भावंडं फोनवर तास तास बोलत असतील असं तुम्हाला वाटेल. छे. भाऊबीजेला बोलतात, मंडईत भेटली तर मेथीवरून वाद घालतात. सकाळी मात्र अजून एकच रिंग, इकडून एक, तिकडून एक. मी एकदा सासूबाईंना विचारलं, आता तर बोलता, मग उचलत का नाही? त्या म्हणाल्या, बरा आहे हे कळलं, रोज आणखी काय लागतं.

मागच्या उन्हाळ्यात सासूबाई धाकट्या लेकीकडे नागपूरला गेल्या आणि फोन ओट्यावरच विसरल्या. सकाळी तो वाजला. त्या नागपूरला पोचल्याचं मामांना माहीत होतं, पण फोन इथे राहिल्याचं नव्हतं. उत्तर गेलं नाही तर म्हातारा माणूस तीन दिवस नागपूरच्या दिशेने बघत बसेल, म्हणून मी बटण दाबलं, एक रिंग दिली आणि कापला. कुणाला काही बोललो नाही. संध्याकाळी मंडईत मामा भेटले. भेंडी मोडून बघत होते, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सकाळी तुम्ही दिलीत."

मी म्हटलं, कसं ओळखलंत?

"तिची आखूड असते. पुरी होऊ देत नाही ती, मध्येच कापते. तुम्ही अख्खी वाजू दिलीत." एक जून भेंडी त्यांनी बाजूला ठेवली. "शिकून घ्या, जावईबापू. पुढे लागेल."

सासूबाई परत येईपर्यंत मी रोज आखूड रिंग दिली. मामांकडून तक्रार आली नाही. आता त्या आल्या आहेत, फोन पुन्हा त्यांच्या हाताशी असतो, त्यांना अलीकडे जरा कमी ऐकू येतं म्हणून तो वाजण्याआधीपासूनच त्या त्याच्यावर हात ठेवून बसतात. सकाळचा चहा आता मी करतो. तिकडची रिंग आली, इकडची गेली, सासूबाई "हं" म्हणाल्या, की गाळणी हातात घेतो. मामांनी शिकवलेलं ते लागायला नको, अजून पुष्कळ वर्षं लागायला नको, असं रोज मनाशी म्हणतो आणि मग चहा गाळतो.